परसबाग, सोलापूरची हिवाळी

दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत सोलापूर शहरातील अंगणे, परसदारे, गच्च्या आणि गॅलऱ्यांत होणारी भाजी-फुलांची लागवड व तिची निगा. समुद्रसपाटीपासून सु. ४५० मी. उंचीवरच्या या कोरड्या पठारी शहरात हिवाळा सौम्य असतो. डिसेंबर-जानेवारीत दुपारचे तापमान २९–३० अंश सेल्सिअसच्या आसपास, पहाटेचे १५–१६ अंश. एखादी थंडीची लाट आली तर पारा चार-सहा दिवस आणखी खाली जातो. पाने करपतील असे दहिवर (गोठलेले दव) पडत नाही. त्यामुळे थंड प्रदेशांतील बागकामात रोपे झाकण्याचा, घरात उचलून आणण्याचा जो खटाटोप असतो, तो इथे करावा लागत नाही. सोलापुरी चादर माणसांना लागते, झाडांना नाही. मे महिन्यात ४२–४४ अंशांना तोंड देणाऱ्या झाडांचे हे खरे तर सुगीचे दिवस. इथल्या हिवाळी निगेत सांभाळायच्या गोष्टी दोनच, माती आणि पाणी.

माती : शहराभोवतीची जमीन काळी, चिकण आणि ओल धरून ठेवणारी. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस जोराचा. त्याची मुरलेली ओल आणि पहाटेचे दव एवढ्यावर मालदांडी (रब्बी ज्वारीचे वाण) वरचे पाणी न मिळताही उभी राहते. तीच माती कुंडीत भरली की मात्र फसवते. वाळली की ती आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटते. वरून तांब्याभर पाणी घातले की ते त्या फटीतून सरळ खाली उतरून बशीत साचते. बघणाऱ्याला वाटते झाड भरपूर प्याले; मुळांचा गड्डा मात्र आत ठणठणीत कोरडा. सोलापुरात हिवाळ्यात माना टाकलेली पुष्कळ झाडे थंडीने नव्हे, या फटीने गेलेली असतात. उपाय सोपा आहे : काळ्या मातीत निम्म्यापर्यंत चाळलेला बारीक मुरूम किंवा जाड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, आणि आठवड्यातून एकदा खुरपीच्या टोकाने वरची दोन बोटे माती मोकळी करावी. अंगणातल्या वाफ्यालाही हेच लागू. ‘एक कोळपणी (पिकाच्या ओळींतली वरची माती हलवणे), अर्धे पाणी’ हे शेतकऱ्यांचे बोलणे भेगा बुजवण्याबद्दलच आहे. १९३३ साली सोलापुरात सुरू झालेल्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राच्या कामातही जमिनीतली ओल टिकवणे हाच मुख्य विषय राहिला. वाफ्यावर उसाचे पाचट किंवा वाळका पाला चार बोटे अंथरला तर पाण्याची एखादी पाळी सहज लांबते.

पाणी : शहराला पाणी मुख्यतः भीमेवरच्या उजनी धरणातून जलवाहिनीने येते, आणि नळाला ते रोज येत नाही, काही दिवसांआड येते. बागेचे वेळापत्रक ऋतूपेक्षा नळाच्या पाळीवर ठरते, असे इथला कोणीही माळीकाम करणारा सांगेल. पाणी आले की आधी हंडे-कळश्या, मग हौद, मग बॅरल, आणि बॅरल भरूनही धार चालू असेल तर कुंड्या. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी बादलीत साठवून झाडांना घालण्याची सवय जवळपास प्रत्येक घरी आहे आणि ती चांगलीच आहे. बोअरचे पाणी अनेक ठिकाणी मचूळ असते. मातीच्या कुंडीबाहेर कमरेपाशी पांढरा, खरखरीत पट्टा उठतो तो याच क्षारांचा. पट्टा रुंदावत गेला की पानांच्या कडा तपकिरी होऊ लागतात. अशा कुंडीला महिन्यातून एकदा नळाचे गोडे पाणी तळातून निथळेपर्यंत द्यावे. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर सोडलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालतात. त्यात क्षार अधिकच दाटलेले असतात, ते फरशी पुसायला ठेवावे.

थंडीत बाष्पीभवन कमी, म्हणून उन्हाळ्याच्या सवयीने रोज पाणी घालणे चुकीचे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. मोठ्या कुंडीला दोन-तीन दिवसांआड, जमिनीतल्या झाडाला आठवड्याने पुरते. वेळ सकाळची, संध्याकाळी पाने भिजली की रात्रभर ओली राहतात आणि करप्याचे ठिपके पडतात.

भाज्या : मेथी, पालक, शेपू, चाकवत, मुळा, गाजर आणि कोथिंबीर थेट पेरतात, टोमॅटो, वांगी, कोबी, फ्लॉवर यांची रोपे लावतात. धने अख्खे पेरू नयेत. पाटावर चपलेने हलकेच रगडून दोन डाळी केल्या की लवकर उगवतात. मेथी महिन्याभरात खुडायला येते, कोथिंबिरीला दहा-पंधरा दिवस जास्त. सगळे एकाच दिवशी पेरले तर एकाच आठवड्यात ढीगभर मेथी आणि पुढे काहीच नाही, म्हणून दर पंधरवड्याला हातभर वाफा पेरण्याची पद्धत बरी. टोमॅटोची फुले उन्हाळ्यात तापून गळतात, ती या थंड रात्रींत फळ धरतात. पावटा मात्र पावसाळ्यातच कुंपणावर चढवलेला असावा लागतो. त्याच्या शेंगा, वांगी, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे आणि तीळ यांची भोगीची भाजी संक्रांतीच्या आदल्या दिवशी बाजरीच्या भाकरीबरोबर होते. त्यातले एखादे वांगे जरी घरच्या झाडाचे असले तरी ते पंगतीत आवर्जून सांगितले जाते.

विणकरांच्या तेलुगू भाषक वस्तीत, म्हणजे शहराच्या पूर्व भागात, अंगण क्वचितच असते. तेलाचे चौकोनी डबे, रंगाचे रिकामे डबे आणि फुटक्या बादल्या गच्चीच्या कठड्याला लावून बाग होते. तिथली लाडकी अंबाडी (गोंगुरा) दिवस लहान झाले की फुलावर येते आणि पाने जून होतात. मग आंबटपणाची गरज आंबट चुका भागवतो. तळाला भोके पाडायला विसरलेला डबा हा या बागांचा सर्वांत मोठा शत्रू.

फुले : शेवंती ही हिवाळ्याची राणी. ती फुलते थंडीमुळे नव्हे, रात्री लांबल्यामुळे. दारावरच्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली ठेवलेल्या कुंडीला नुसता पाला वाढत राहतो आणि शेजारणीच्या कुंड्या कळ्यांनी भरतात. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्याकडे सरकवली की बहुधा तक्रार मिटते. ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या, संक्रांतीला भरणाऱ्या गड्डा यात्रेच्या सुमारास बहर उतरू लागला की देठ चार बोटे ठेवून छाटावेत. बुडातून येणारे मुनवे पुढच्या वर्षीची रोपे. गुलाबाची छाटणी पाऊस संपताच, दसऱ्याच्या आसपास करतात. साधारण ४५ दिवसांनी फुले येतात, म्हणून छाटणी नोव्हेंबर अखेरपर्यंत लांबवली तर निम्मा हंगाम हातचा जातो. झेंडू, अष्टर, कोरांटी आणि कुंद यांना फारशी निगा लागत नाही.

मोगऱ्याचे उलटे. थंडीत तो झोपतो. पाने पिवळी पडतात आणि घरातले कोणीतरी हमखास मूठभर युरिया टाकते. तसे करू नये. डिसेंबरनंतर पाणी तोडावे, पाने झडू द्यावीत, मग छाटून जानेवारीच्या अखेरीस शेणखत आणि पाणी सुरू करावे. मार्चपासून कळ्या लागतात. आंब्यालाही मोहराच्या दिवसांत भरपूर पाणी दिले तर मोहराऐवजी पालवी फुटते. फळ वाटाण्याएवढे झाल्यावर पाणी वाढवावे. तुळस थंडीने थोडी मलूल होतेच, पण वृंदावनातली तुळस मरते ती भक्तीने : घरातली पाच माणसे अंघोळीनंतर एकेक तांब्या घालतात, आणि वृंदावनाला खाली वाट नसते. एकाने पाणी घालावे, बाकीच्यांनी नमस्कार करावा, हे सांगायचे धाडस मात्र सुनेला होत नाही. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर झाड तग धरते.

कीड-रोग : ढगाळ हवेचे दोन दिवस पुरतात, पावट्याचे शेंडे माव्याने काळे होतात. जवळून पाहिले तर मुंग्यांची रांग माव्याच्या गोड चिकट्यासाठी वर-खाली करताना दिसते आणि मध्येच एखादा लाल ठिपकेदार ढालकिडा मावा खात बसलेला असतो. ढालकिडे असतील तर काहीच फवारू नये. नसतील तर आधी नुसत्या पाण्याची जोरदार धार, मग पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी. जास्वंदीच्या कळ्यांवरचा पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने खरवडून काढावा. गुलाब आणि वाटाण्याच्या पानांवर पीठ शिंपडल्यासारखी दिसते ती भुरी. सुरुवातीला रोगट पाने तोडून जाळावीत, पसरली तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम.

थंडी ‘शिव शिव’ म्हणत गेली की मेथी-कोथिंबीर एका आठवड्यात फुलावर येते. तेव्हा सगळे उपटू नये. कोपऱ्यातली दहा-बारा कोथिंबिरीची ताटे तशीच राहू द्यावीत, धने तांबूस झाले की कापून सावलीत वाळवावेत आणि कागदाच्या पुडीत महिना लिहून ठेवावेत. बाकीचा वाफा खणून उन्हाला तापत ठेवतात, आणि गच्चीवर हिरवी जाळी बांधायला घेतात.