कामाचा अंदाज, अ‍ॅजाइल पद्धतीतील

अ‍ॅजाइल पद्धतीने (छोट्या टप्प्यांत काम करत, दर टप्प्याला योजना सुधारत) चालणाऱ्या सॉफ्टवेअर टीमने हाती घ्यायच्या कामाला किती श्रम पडतील, याची आधी बांधलेली अटकळ. ऑफिसात सर्रास ‘एस्टिमेट’ म्हणतात.

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये पार्टचा सायकल टाइम (एक नग बनायला लागणारा वेळ) घड्याळ लावून काढता येतो. तोच पार्ट हजार वेळा निघणार असतो. सॉफ्टवेअरमध्ये एकदा लिहिलेले पुन्हा लिहावे लागत नाही, म्हणून प्रत्येक काम थोडेफार नवखेच. नाशिककराला द्राक्षबागेचा दाखला अधिक लागू पडेल. गोडी छाटणी झाली की लगेच माल किती निघेल हे कोणी छातीठोक सांगत नाही. घड दिसू लागल्यावर काही झाडांवरचे मोजून हिशेब मांडतात, विरळणीनंतर तो बदलतात, अवकाळी झाला तर पुन्हा बदलतात. सॉफ्टवेअर अभियंते बॅरी बोहेम यांनी १९८१ मध्ये सॉफ्टवेअरबाबत असेच मांडले: सुरुवातीचा अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा पावपटही निघू शकतो, काम उलगडेल तसा हा पट्टा अरुंद होतो.

जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडलेल्या ‘प्लॅनिंग पोकर’मध्ये प्रत्येक जण १, २, ३, ५, ८, १३ अशा पत्त्यांतून एक निवडतो आणि सगळे पत्ते एकदम उघडतात. नाहीतर सीनियरने ‘तीन’ म्हटले की ज्युनियरचे ‘आठ’ घशातच राहते. आकडे फाकले की दोन टोकांच्या माणसांनी कारण सांगायचे. आठवाल्याला जुन्या पेमेंट मॉड्यूलची खोड ठाऊक असते, तीनवाल्याला नसते. पुष्कळ टीम इथे सरळ सरासरी काढतात आणि नेमकी ही माहिती वाया घालवतात.

पत्त्यांवरचे आकडे म्हणजे स्टोरी पॉइंट. ते तास नव्हेत; एका कामाच्या तुलनेत दुसरे केवढे, एवढेच ते सांगतात. मागच्या काही स्प्रिंटमध्ये (स्प्रिंट म्हणजे कामाचा ठराविक मुदतीचा टप्पा) दर स्प्रिंटला सरासरी किती पॉइंट संपले ती व्हेलॉसिटी. दोन टीमची व्हेलॉसिटी शेजारी ठेवून शाबासकी वाटली की पॉइंटांची महागाई सुरू होते: कालचे तीनचे काम आज पाचचे.

मानसशास्त्रज्ञ कानेमान व ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवले की माणूस आपल्याच मागच्या उशिरांकडे काणाडोळा करून नवा अंदाज बांधतो. म्हणून सुधारणेची सुरुवात जुन्या नोंदींपासून करावी: असे काम मागे किती दिवस चालले होते? मोठी कामे फोडणे आणि एका तारखेऐवजी पट्टा सांगणे हे त्यानंतरचे. स्क्रम गाइडने (अ‍ॅजाइलच्याच ‘स्क्रम’ या प्रकाराच्या अधिकृत मार्गदर्शिकेने) २०११ मध्ये स्प्रिंटच्या कामाबाबत ‘वचन’ काढून ‘पूर्वानुमान’ हा शब्द घेतला; क्लायंटच्या कॉलवर मात्र ‘साधारण दोन आठवडे’ यातले ‘साधारण’ अजूनही ऐकू जात नाही.