ऊबदार पानगळ, नासलेली बेगमी: कॅनडा जेच्या घटत्या संख्येची पार्श्वभूमी

अल्गॉन्क्विन हे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातलं 1893 सालचं उद्यान, जवळपास 7,600 चौरस किलोमीटरचं. त्याच्या दक्षिण भागातून हायवे 60 जातो. या रस्त्याच्या आसपास राहणाऱ्या कॅनडा जे पक्ष्यांच्या जोड्यांवर 1960च्या दशकापासून नजर ठेवली जाते आहे. 1980च्या दशकापासून इथल्या निम्म्याहून जास्त जोड्या नाहीशा झाल्या. हा पक्षी बर्फातलाच, त्यामुळे कडक हिवाळ्याने त्याचा घात केला असेल असं मानायला जागा नाही. झालं ते उलटंच. थंडी वेळेवर पडेनाशी झाली आणि त्याचं गणित बिघडलं.

कॅनडा जे कावळ्याच्या कुळातला, म्हणजे आपल्याकडच्या टकाचोराचा लांबचा भाऊबंद. वजन जेमतेम 70 ग्रॅम, अंग राखाडी, डोक्यामागे काळपट टोपी. माणसाला तो बिचकत नाही. तळ ठोकलेल्या लोकांच्या ताटातला तुकडा उचलतो, हात पुढे केला तर हातावरही येऊन बसतो. गंमत म्हणजे उचललेला घास तो बहुतेक वेळा तिथे खात नाही. तोंडात घोळवून त्याला चिकट लाळेने माखतो, त्याची गोळी करतो आणि दूरच्या झाडावर सालीच्या फटीत किंवा लायकेनच्या (दगडफुलाच्या) झुपक्याआड चिकटवून येतो. लाळ सुकली की गोळी पक्की बसते. मग पुढचा घास, पुढचं झाड. बोरं, किडे, अळंबी, मेलेल्या जनावराचं मांस, काहीही चालतं. एका दिवसात अशा हजारापर्यंत गोळ्या तो लपवू शकतो, आणि त्यातल्या पुष्कळशा महिन्यांनंतरही त्याला सापडतात.

आपल्याकडे पावसाळ्याआधी अगोटीची बेगमी करतात तसलाच हा प्रकार; फरक एवढाच की याच्या बेगमीत वाळवण थोडं आणि नासणारा माल फार. तो टिकतो तो फक्त गारठ्यामुळे.

त्या साठ्यावर फक्त हिवाळाच काढायचा असता तर गोष्ट वेगळी होती. पण हा पक्षी विणीलाही भर थंडीतच लागतो. फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये, पारा कधी उणे 20च्या खाली असताना, मादी घरट्यात अंडी उबवत असते. अंडी साधारण तीन. एप्रिलच्या शेवटाकडे पिलं घरट्याबाहेर पडतात. पुढे मे-जूनमध्ये जंगल किड्यांनी भरलेलं असतं, पण तेव्हा ही जोडी दुसरी वीण घेत नाही. जूनमध्ये भावंडांतच जुंपते. सर्वांत बळकट पिलू आईबापांच्या हद्दीत राहतं आणि बाकीच्यांना हुसकावून लावतं. हुसकावलेल्यांपैकी बहुतेक पानगळ, म्हणजे तिथला हिवाळ्याआधीचा ऋतू, येईपर्यंत मरतात. लवकर जन्मण्याचा फायदा पुढच्या हिवाळ्यासाठी असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. काही असो, पिलांच्या तोंडात पडणारा घास बराचसा मागच्या वर्षीच्या पानगळीत लपवलेला असतो, आणि संख्येच्या घसरणीचं मूळ इथेच सापडलं.

हे कळलं ते चिकाटीमुळे. रसेल रटर या निसर्ग अभ्यासकाने 1960च्या दशकात अल्गॉन्क्विनमध्ये या पक्ष्यांच्या पायात रंगीत कड्या घालायला सुरुवात केली. उद्यानाचे मुख्य निसर्गतज्ज्ञ झालेले डॅन स्ट्रिकलंड यांनी ते काम पुढे अनेक दशकं चालवलं. नंतर गुएल्फ विद्यापीठाचे रायन नॉरिस आणि त्यांचे विद्यार्थी त्यात आले. प्रत्येक पक्ष्याच्या कड्यांचे रंग आणि त्यांचा क्रम वेगळा, त्यामुळे लांबूनही पक्षी ओळखता येतो. जोडी आयुष्यभर एकाच हद्दीत राहते, म्हणून तिचा हिशेब ठेवणं तुलनेने सोपं. घरटं शोधायची युक्तीही साधी आहे. अस्तरासाठी उपयोगी पडेल असं मऊ काहीतरी पक्ष्याला देऊ करायचं, तो ते चोचीत धरून निघाला की गुडघाभर बर्फातून त्याच्या मागे जायचं.

अशा नोंदी साठत गेल्या तसा एक आकृतिबंध दिसू लागला. हद्दी सरसकट रिकाम्या होत नव्हत्या. काळा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या दलदलीतल्या हद्दी नांदत्या राहिल्या, मेपलसारख्या पानझडी झाडांच्या उतारांवरच्या ओस पडल्या आणि तिथे नवी जोडी येईना.

2006 साली संशोधक टॉम वेट आणि स्ट्रिकलंड यांनी याचं कारण मांडलं: साठा सडतो आहे. पानगळीचे महिने ऊबदार गेले की पुढच्या वसंतात वीण उशिरा होते आणि पिलं कमी निघतात, असं त्यांच्या नोंदींत दिसत होतं. अर्थात दोन आलेख एकत्र हलले म्हणून कार्यकारण सिद्ध होत नाही, म्हणून पुढे प्रयोग झाले. वेगवेगळ्या झाडांच्या सालीआड अन्न ठेवून पाहिलं, तेव्हा स्प्रूस आणि पाइनवरचं अन्न पानझडी झाडांवरच्यापेक्षा चांगलं टिकलं. सूचिपर्णी झाडांच्या राळेत जंतूंना आवर घालणारी द्रव्यं असतात, हे त्यामागचं संभाव्य कारण. 2015मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही जोड्यांना जादा खाणं दिलं होतं. तो प्रयोग आणि 43 वर्षांच्या नोंदी मिळून निष्कर्ष निघाला की विणीला मर्यादा घालतं ते अन्नच.

2019च्या अभ्यासाने त्यात महत्त्वाची भर घातली. सरासरी तापमानापेक्षाही पानगळीत पारा शून्याच्या वर-खाली किती वेळा होतो, हे निर्णायक ठरतं. गोठलेलं मांस वितळलं, पुन्हा गोठलं, पुन्हा वितळलं, की त्याचं मातेरं होतं. फ्रीजरची वीज वारंवार गेलेल्या कोणत्याही घरात हे सांगावं लागत नाही. अशा फेऱ्या जास्त झालेल्या वर्षानंतरची वीण खराब जाते.

मध्यंतरी हा पक्षी बातम्यांत आला तो वेगळ्याच कारणाने. 2016मध्ये रॉयल कॅनेडियन जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला राष्ट्रीय पक्षी करावं अशी शिफारस केली. लोकांच्या मतदानात लून हा पाणपक्षी पहिला आला होता, हा तिसरा. त्यामुळे वाद झाला, आणि सरकारने शिफारस काही स्वीकारली नाही. 1957पासून ‘ग्रे जे’ म्हणवला जाणारा हा पक्षी 2018मध्ये अधिकृत यादीत पुन्हा ‘कॅनडा जे’ झाला, एवढं मात्र पदरात पडलं.

खंडभराच्या कलाबद्दल बोलताना मात्र सावध राहावं लागतं. अल्गॉन्क्विन हे पूर्वेकडे या पक्ष्याच्या प्रदेशाच्या दक्षिण कडेजवळ आहे. उत्तरेला अलास्कापर्यंत पसरलेल्या जंगलात त्याची संख्या मोठी आहे, आणि धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत तो ‘चिंतेचं कारण नाही’ या गटातच मोडतो. 1966पासून चालू असलेली उत्तर अमेरिकेतली प्रजनन पक्षी गणना रस्त्याकडेने, मुख्यतः जूनमध्ये होते. उत्तरेच्या या जंगलात रस्तेच मोजके, आणि जूनपर्यंत जेची वीण कधीच उरकलेली असते. त्यामुळे त्या गणनेत घसरण ठळक दिसली नाही तर सगळं आलबेल आहे असं म्हणता येणार नाही, आणि एका उद्यानातल्या आकड्यांवरून सगळ्या खंडाचं भाकीत करणंही तितकंच धाडसाचं. अल्गॉन्क्विनमध्ये घरट्यांचा शोध अजून दर हिवाळ्याच्या अखेरीस स्प्रूसच्या दलदलींतून चालतो, कारण उरलेल्या जोड्या आता मुख्यतः तिथेच आहेत.