बोक (कोरियन संस्कृती)

बोक : नशीब, सुख, बरकत, दीर्घायुष्य या सगळ्यांना कवेत घेणारा कोरियन शब्द. चिनी 'फू' या अक्षराचा हा कोरियन उच्चार. अवचित लाभलेल्या यशाला 'हेंगउन' असा वेगळा शब्द आहे. बोक मात्र एखाद्या वस्तूसारखा घेतला-दिला जातो. चांद्र नववर्षाला, म्हणजे सोल्लालला, म्हणतात 'सेहे बोक मानी बादुसेयो' : नव्या वर्षी भरपूर बोक घ्या. तो ठेवायला रेशमी बटवा असतो, बोकजुमोनी. लॉटरीचे तिकीट म्हणजे बोक्क्वोन.

सोल्लालच्या पहाटे दारावर टांगायची बोकजोरी ही बांबूची विणलेली, दांड्याची छोटी गाळणी. आपण रोवळीत तांदूळ रोळतो, तसे तिथे जोरीने पाण्यातले तांदूळ वर उचलून खडे मागे ठेवत. वर्षाचा बोकही असाच उचलून घ्यायचा. फेरीवाले या जोऱ्या पहाटेच अंगणात टाकून जात आणि पैसे मागाहून गोळा करीत. बोकच्या किमतीत घासाघीस करणे अशुभ, त्यामुळे विक्रेत्याचे फावत असणार.

स्वप्नात डुक्कर आले की लोक लॉटरी काढतात. 'डुक्कर' या चिनी अक्षराचा कोरियन उच्चार 'दोन', आणि पैशालाही शब्द 'दोन'च. (मराठी कानाला हे गमतीचे वाटते.) नवे दुकान उघडताना किंवा चित्रीकरण सुरू करताना 'गोसा' या विधीत डुकराचे मुंडके मांडून त्याच्या तोंडात नोटा खोचतात. शुभ स्वप्न विकताही येते. तेराव्या शतकातल्या 'सामगुक युसा' या आख्यायिकांच्या ग्रंथात दोन बहिणींची कथा आहे : थोरल्या बोहीला स्वप्न पडले की आपण डोंगरावर लघवीला बसलो आणि सारी राजधानी बुडाली. धाकट्या मुनहीने रेशमी घागरा देऊन ते स्वप्न विकत घेतले, पदर पसरून स्वीकारले, आणि पुढे ती सिल्ला या प्राचीन कोरियन राज्याचा राजा मुयोल (कारकीर्द ६५४–६६१) याची राणी झाली.

परीक्षेच्या दिवसांत शब्दांना फार जपावे लागते. 'बुत्ता' म्हणजे चिकटणे आणि पास होणेही. म्हणून नोव्हेंबरातल्या सुनुंग या महाविद्यालय-प्रवेश परीक्षेआधी मुलांना योत हा चिकट गोड पदार्थ किंवा चिकट तांदळाचा त्तोक (तांदळाचा केक) देतात. समुद्री शेवाळाचे मियोकगुक हे सूप एरवी वाढदिवसाला हमखास होते. पण शेवाळ निसरडे, त्यामुळे त्या दिवशी ते वर्ज्य. 'मियोकगुक खाल्ले' याचा अर्थच नापास झाला.

गृहप्रवेशाला पाहुणे टॉयलेट पेपरचे रोल आणि कपडे धुण्याची पावडर नेतात : कामे रोलसारखी सरसर सुटावीत, भरभराट फेसासारखी फुलावी.

रोजच्या नशिबाला बोलीत 'जेसू' म्हणतात. 'जेसू ऑप्ता', म्हणजे नशीबच नाही, हे आता आगाऊ, डोक्यात जाणाऱ्या माणसालाही लावतात. नापास होऊन वर्षभर पुन्हा अभ्यास करण्यालाही जेसूच म्हणतात, फक्त त्याची चिनी अक्षरे वेगळी.