‘अरे’ म्हणवून घेणारी मुलगी

कॉलेजात आमची सात जणांची ट्रेकची टोळी होती आणि तिच्यात मी एकटी मुलगी. पुण्याच्या शिवाजीनगरहून पहाटेची जुन्नरची एसटी धरायची, पुढे मिळेल त्या गाडीने घाटघर गाठायचं आणि जीवधन किल्ला चढायचा. तिसऱ्या-चौथ्या ट्रेकनंतर केव्हातरी पोरांनी मला ‘अगं’ म्हणणं सोडलं. ‘अरे, दोर धर.’ ‘अरे, पाणी उरलंय का तुझ्याकडे?’ मला ते खटकलं नाही, उलट आवडलं. एकदा सगळे घरी जेवायला आले तेव्हा आजीच्या कानावर ते पडलं. पोरं गेल्यावर तिने विचारलं, ‘तुला अरे काय म्हणतात गं?’ तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

बऱ्याच वर्षांनी जर्मन गणितज्ञ एमी नोएथरबद्दल वाचताना आजीचा तो प्रश्न पुन्हा आठवला. जर्मन भाषेत पुरुषासाठी ‘देर’ आणि स्त्रीसाठी ‘दी’ असं उपपद लागतं. गॉटिंगेन विद्यापीठातले गणितज्ञ मात्र या बाईंना ‘देर नोएथर’ म्हणत. म्हणजे थेट ‘तो नोएथर’. त्यात टिंगल नव्हती, आदर होता. निसर्गातल्या प्रत्येक सलग सममितीमागे अक्षय्यतेचा, म्हणजे ऊर्जेसारखी एखादी राशी कायम राहण्याचा, एक नियम असतो, हा भौतिकशास्त्राचा पाया ठरलेला सिद्धांत १९१८ सालचा, तो यांचाच. १९१५ मध्ये हिल्बर्ट आणि क्लाइन या तिथल्या गणितज्ञांनी त्यांना गॉटिंगेनला बोलावलं, पण बाई म्हणून शिकवण्याचा हक्क १९१९ पर्यंत मिळाला नाही. तोवर त्यांची व्याख्यानं हिल्बर्टच्या नावावर जाहीर होत. पुढे त्यांच्याभोवती तरुणांचा जो घोळका जमला त्याला गावात नावच पडलं होतं, ‘नोएथरची पोरं’. रानातून लांबलांब फिरायला जायचं आणि वाटभर गणित बोलायचं, हा त्यांचा शिरस्ता. लाइन नदीवरच्या पुरुषांच्या पोहण्याच्या जागी ज्या दोनच बायका नियमित दिसत, त्यातल्या एक नोएथर.

त्यांच्या या सहजपणाचं कारण समकालीनांनी कुठे शोधलं? रूपात. बाई दिसायला साध्या, म्हणून पुरुषांना त्यांच्याबरोबर अवघडल्यासारखं होत नसे, असा सूर त्या काळच्या आठवणींत येतो. मला हे स्पष्टीकरण चुकीचं वाटतं, आणि अन्यायाचंही. माणसं एकत्र कशाने बांधली जातात यावर गेल्या चाळीसेक वर्षांत जे संशोधन झालंय ते निराळ्या दिशेला बोट दाखवतं.

सुरुवात लहानपणापासून करावी लागते. एलिनॉर मॅकॉबी आणि कॅरॉल जॅकलिन या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये मुलांच्या खेळण्याच्या निरीक्षणांचे निष्कर्ष मांडले. साडेचार वर्षांची मुलं आपल्याच लिंगाच्या सवंगड्यांबरोबर, दुसऱ्यांच्या मानाने, जवळपास तिप्पट वेळ घालवतात. साडेसहाव्या वर्षी हे प्रमाण अकरापट होतं. आईबाप सांगोत न सांगोत, शाळेच्या मैदानावर मुलगे एकीकडे आणि मुली एकीकडे जातात. मग काही थोड्या मुली पलीकडच्या घोळक्यात कशा जातात?

याचा एक धागा अनपेक्षित ठिकाणी सापडला. काही बाळांमध्ये जन्मतःच अ‍ॅड्रिनल ग्रंथींत एक विकर (एन्झाइम) कमी असतं. त्यामुळे कॉर्टिसॉल हे संप्रेरक नीट बनत नाही आणि गर्भातच अँड्रोजेन ही पुरुषी संप्रेरकं जास्त बनतात. अशा मुलींचा ओढा गाड्या आणि दांडगाईच्या खेळांकडे अधिक असतो, हे आधीपासून माहीत होतं. व्हिकी पास्टर्स्की आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा २६ मुलींना, त्यांच्या भावाबहिणींना आणि हीच स्थिती असलेल्या मुलग्यांना एक पेचातला प्रश्न विचारला. समजा एक मुलगी ‘मुलग्यांचे’ खेळ खेळतेय आणि एक मुलगा ‘मुलींचे’ खेळ खेळतोय, तर तू कुणाकडे जाशील? मुलग्यांनी जवळजवळ एकमुखाने खेळ निवडला. सवंगडी मुलगी असली तरी चालेल, खेळ आपला पाहिजे. त्या २६ मुलींचा कलही तसाच निघाला. बाकीच्या मुलींनी मात्र खेळ आणि सवंगडी यांना साधारण सारखंच वजन दिलं.

मी या निकालावर बराच वेळ थांबले. पोरांच्यात रमणारी मुलगी म्हटलं की ‘तिला मुलगेच लागतात’ असं लोक गृहीत धरतात. या मुलींना मुलगे लागत नव्हते, तो खेळ लागत होता. आणि मुलग्यांच्या बाजूने पाहिलं तर जो खेळ आवडतो तो खेळणाऱ्या मुलीला त्यांनी दार बंद केलं नव्हतं. माझ्यासारख्या बहुतेक मुलींच्या बाबतीत अशी कुठली वैद्यकीय स्थिती नसते; थोरले भाऊ, गल्लीतलं क्रिकेट, वडिलांबरोबरची भटकंती, अशा कितीतरी वाटांनी ती आवड लागते. पण सूत्र तेच राहतं.

मोठेपणीही त्याचा माग निघतो. पॉल राइट यांनी १९८२ मध्ये बायकांची मैत्री समोरासमोरची आणि पुरुषांची खांद्याला खांदा लावून, असं वर्णन केलं होतं. मैत्री जुनी आणि घट्ट झाली की हा फरक विरत जातो, हेही त्यांनीच नोंदवलं. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी शाळा सोडून पुढे गेलेल्या ३० विद्यार्थ्यांचा १८ महिने मागोवा घेतला. मुलींची जवळीक गप्पांनी टिकत होती. मुलग्यांच्या बाबतीत बोलण्याने फारसा फरक पडत नव्हता. एकत्र काही केलं तरच जवळीक टिकत होती. म्हणजे पुरुषांच्या घोळक्यात शिरायचं दार कामातून किंवा खेळातून उघडतं. दोर, चेंडू, स्कूटरचं इंजिन, नाटकाचा सेट किंवा बीजगणित, मधे काहीतरी ठेवलेलं असलं की एकमेकांकडे रोखून पाहायची गरज पडत नाही. नोएथर यांच्याकडे ते ‘मधे ठेवायचं’ अपरंपार होतं.

आकर्षणाचं काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. एप्रिल ब्लेस्की-रेचेक यांच्या चमूने २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ८८ मित्र-मैत्रीण जोड्यांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले. मुलग्यांना मैत्रिणींबद्दल वाटणारं आकर्षण उलट दिशेच्या आकर्षणापेक्षा जास्त होतं. शिवाय ‘तिलाही माझ्याबद्दल तसंच वाटत असणार’ असा अंदाज मुलगे चढा बांधत होते आणि मुली कमी बांधत होत्या. तेव्हा आकर्षण नसतंच असं म्हणणं भाबडेपणाचं. पण हायडी रीडर यांनी २००० मध्ये दाखवलं की अशा मैत्रीत प्रेमाची ओढ काळाबरोबर ओसरण्याकडे आणि मित्र म्हणून वाटणारी ओढ वाढण्याकडे कल असतो. आमच्या टोळीतल्या एकाने दुसऱ्या वर्षी मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. पुढचे दोन ट्रेक तो आला नाही आणि तिसऱ्याला आला तेव्हा स्टोव्ह त्याच्याच सॅकमध्ये होता. आज त्याची मुलं मला आत्या म्हणतात.

खरी अडचण बाहेरच्यांची असते. जे. डोनाल्ड ओमेरा या समाजशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये स्त्री-पुरुष मैत्रीपुढची आव्हानं मांडली, त्यात एक होतं लोकांपुढे ही मैत्री खरी म्हणून उभी करण्याचं. आपल्याकडे त्यावर तयार तोडगा आहे: राखी बांधून टाक. मग तो मानलेला भाऊ होतो, शेजारपाजारचे गप्प बसतात. मलाही तसं सुचवलं गेलं होतं. राखीबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच ती शंका बुजवण्यासाठी वापरायला मी तयार नव्हते. बायकांचा अविश्वासही काल्पनिक नाही. हॅना ब्रॅडशॉ आणि सारा हिल यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात, पुरुष मित्रच अधिक पसंत करणाऱ्या स्त्रीवर इतर स्त्रियांनी कमी विश्वास दाखवला. ‘मी बाकीच्या मुलींसारखी नाही’ असं आपणच मिरवलं तर तो अविश्वास आपण स्वतः विणत असतो. माझ्या तोंडी ते वाक्य काही काळ होतं, आणि त्यापायी दोन चांगल्या मैत्रिणी दुरावल्या.

पण घोळक्याचं दार बंद राहिलं तर काय बुडतं, तेही पाहायला हवं. १९३३ मध्ये कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, लेखिका दुर्गा भागवतांची बहीण, मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. सर सी. व्ही. रामन यांनी आधी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत तेव्हा अटींवर घेतलं, आणि त्यात आपल्यामुळे इतर संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये अशीही अट होती. अ‍ॅना मणी या भौतिकशास्त्रज्ञ १९४० मध्ये रामन यांच्याच प्रयोगशाळेत आल्या. तिथे स्त्री आणि पुरुष संशोधकांना वेगळं ठेवण्याचा कडक दंडक होता. हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर त्यांनी एकटीने काम केलं. विज्ञान नुसत्या उपकरणांनी होत नाही. ‘हे आकडे बघ रे, काहीतरी चुकतंय’ असं शेजारच्या टेबलाला म्हणता यावं लागतं. नोएथरच्या पोरांना रानातल्या वाटांवर जे सहज मिळालं, तेच इथे नियम करून तोडलं होतं.

मणी १९४८ मध्ये हवामान खात्यात पुण्याला आल्या. हवामानाची उपकरणं तेव्हा परदेशातून येत. सुमारे १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथेच बनवण्याचं काम त्यांनी उभं केलं, आणि १९५३ पर्यंत त्यांच्या विभागात १२१ पुरुष त्यांच्या हाताखाली काम करत होते. हवामान खात्याची ‘सिमला ऑफिस’ नावाची इमारत तेव्हाच्या शिवाजीनगर स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. दर रविवारी पहाटे सॅक पाठीला लावून मी तिच्यावरून जायचे, पोरं पुढे जागा धरायला पळालेली असायची. अ‍ॅना मणी हे नाव तेव्हा मी ऐकलेलंही नव्हतं.