वारेचे विकार आणि सिझेरियनमधील भूल

वार (प्लासेंटा, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोषण पुरवणारा अवयव) गर्भाशयाच्या मुखावर आलेली असणे, गर्भाशयाच्या भिंतीत रुतलेली असणे किंवा प्रसूतीआधीच सुटणे, या तीन स्थितींत सिझेरियनसाठी कोणती भूल द्यावी याचा निर्णय वेगळा करावा लागतो. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला सुमारे ६०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहते. त्यामुळे भुलेची निवड करताना खरा प्रश्न असतो तो रक्तस्राव किती आणि कधी होईल हा.

एरवी सिझेरियनला स्पायनल भूल देतात. कण्यातल्या एका इंजेक्शनने छातीपासून खालचा भाग बधिर होतो, आई जागी राहते आणि बाळापर्यंत औषध जवळजवळ पोचत नाही. गरोदरपणात घशाला सूज असते आणि जठरातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. संपूर्ण भूल, म्हणजे आईला बेशुद्ध करून घशातून श्वासाची नळी घालणे, टाळली की या दोन्हींतून सुटका होते. शिवाय सेव्होफ्लुरेनसारख्या हुंगवायच्या औषधांनी गर्भाशय सैल पडून रक्त जास्त जाते. म्हणून वार नुसती खाली असेल, रक्तस्राव थांबलेला असेल आणि आधीचे सिझेरियन नसेल, तर स्पायनलच बरी. ‘वार खाली म्हणजे पूर्ण भूल’ हा जुना नियम आता सरसकट लावत नाहीत.

मात्र स्पायनलमुळे शरीराच्या खालच्या भागातल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. एरवी तो फिनिलेफ्रिन या रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या औषधाने सावरता येतो. पण आधीच बरेच रक्त गेलेल्या बाईत आकसलेल्या रक्तवाहिन्यांनीच रक्तदाब धरून ठेवलेला असतो आणि तो आधारच स्पायनल काढून घेते. अशा वेळी संपूर्ण भूल द्यावी लागते, तीही बहुधा केटामिन या रक्तदाब फारसा न उतरवणाऱ्या भुलेच्या औषधाने.

सर्वांत अवघड स्थिती रुतलेल्या वारेची. आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर वार रुजली की ती स्नायूत शिरते, कधी मूत्राशयापर्यंत जाते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, वार खाली असलेल्या स्त्रियांपैकी दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी ११ टक्के, तिसऱ्या वेळी ४० टक्के आणि चौथ्या वेळी ६१ टक्के जणींत ती रुतलेली आढळली. आधीची सिझेरियन किती, हा प्रश्न भूलतज्ज्ञ पहिल्यांदा विचारतो तो यासाठी.

अशी शस्त्रक्रिया शक्यतो ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, रक्तपेढीची तयारी ठेवून, ठरवून करतात. बऱ्याच केंद्रांत दोन टप्प्यांची पद्धत चालते. एपिड्यूरल (कण्यात बारीक नळी ठेवून तिच्यातून लागेल तसे औषध देण्याची भूल) किंवा स्पायनल-एपिड्यूरल एकत्र देऊन बाळ काढतात. जाड सुया दोन्ही हातांत आधीच लावलेल्या असतात आणि मनगटाच्या धमनीतली नळी ठोक्यागणिक रक्तदाब दाखवते. बाळ बाहेर येते, आई त्याला बघते, नाळ बांधली जाते. वारेला कोणी हात लावत नाही. ती ओढली तर रक्ताचा लोंढा सुटतो. मग वारेसकट गर्भाशय काढायचे असेल, तर आईला संपूर्ण भूल देतात. बाळ बाहेर असल्याने औषध त्याच्यापर्यंत जाण्याची काळजी उरत नाही, आणि गर्भाशयच काढायचे असल्याने ते सैल पडण्याचीही फारशी नाही. भुलेतला हा बदल रक्तस्रावाच्या आधी, निवांतपणे व्हावा. रक्तदाब कोसळत असताना, रक्त आणि सलाइनने सुजलेल्या घशात नळी घालणे अनुभवी हातांनाही जड जाते. वार मूत्राशयात शिरल्याची दाट शंका असेल तर काही जण सुरुवातीपासूनच संपूर्ण भूल देतात.

वार वेळेआधी सुटली असेल तर आधी रक्त गोठते की नाही ते पाहावे लागते. बाहेर दिसते त्याहून कितीतरी जास्त रक्त वारेमागे साठलेले असू शकते आणि त्यात गोठण्याचे घटक संपून जातात. अशा बाईच्या कण्यात सुई घातली तर तिथे रक्त साठून मज्जारज्जू दबू शकतो, म्हणून संपूर्ण भूलच देतात. एपिड्यूरलची नळी काढतानाही हाच धोका असतो. पुष्कळ रक्त गेले असेल, तर गोठण्याच्या तपासण्या पूर्ववत होईपर्यंत ती तशीच ठेवतात.