रानपिंगळ्याचे हिवाळी दर्शन

रानपिंगळा किंवा वनपिंगळा हा मध्य भारतातील शुष्क पानझडी जंगलांत राहणारा, सुमारे २३ सेंमी. लांबीचा, दुर्मीळ असा लहान घुबडवर्गीय पक्षी आहे. भारताबाहेर तो आढळत नाही. बहुतेक घुबडांप्रमाणे तो केवळ रात्री वावरत नाही; दिवसाउजेडी शिकार करतो, आणि थंडीच्या सकाळी सागाच्या शेंड्यावरील उघड्या फांदीवर ऊन खात बराच वेळ बसून राहतो. त्याला पाहण्यासाठी पक्षिनिरीक्षक हिवाळा निवडतात तो यामुळेच. या दिवसांत सागाची पानगळ सुरू झाल्याने फांद्या मोकळ्या दिसू लागतात. शिवाय विणीचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मे असा असल्याने नर-मादीची साद-प्रतिसादही कानी पडते.

या पक्ष्याचा पहिला नमुना एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ साली आजच्या छत्तीसगडमधील फुलझर भागात मिळवला आणि पुढील वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध करून ब्लेविट यांचेच नाव त्याला दिले. १८८४ साली जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेल्या नमुन्यानंतर मात्र शंभराहून अधिक वर्षे त्याचा विश्वसनीय पुरावा मिळाला नाही. ब्रिटिश सैन्याधिकारी व पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातमध्ये मिळाल्याचे सांगितलेला नमुना पुढे बनावट ठरला : तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता आणि त्याला नव्याने भरून खोटी चिठ्ठी लावलेली होती. एका खोट्या चिठ्ठीने शोधाची दिशाच चुकवावी, ही पक्षिशास्त्राच्या इतिहासातील अतिशय क्लेशदायक गोष्ट आहे. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, विश्वासार्ह नमुन्यांवरील स्थळांचाच आधार घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह शहाद्याजवळच्या जंगलात हा पक्षी प्रत्यक्ष पाहिला. ही भेटही हिवाळ्याच्या तोंडावर, सकाळच्या उजेडातच झाली.

त्यानंतर मेळघाट, तोरणमाळ, यावल, मध्य प्रदेशातील खंडवा व बुऱ्हाणपूरचा परिसर, गुजरातेतील डांगचे जंगल आणि मुंबईपासून फार दूर नसलेले तानसा अभयारण्य येथेही त्याची नोंद झाली आहे.

ओळख पटवताना घाई केल्यास चूक होते, कारण गावाशेजारी सर्रास दिसणारा ठिपकेदार पिंगळा आणि त्याच जंगलात राहणारा जंगली पिंगळा हे दोघेही आकाराने त्याच्याजवळ जातात. ठिपकेदार पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर स्पष्ट पांढरे ठिपके असतात, जंगली पिंगळ्याच्या अंगभर बारीक पट्टे असतात, तर रानपिंगळ्याचे डोके व पाठ जवळजवळ एकरंगी करड्या-तपकिरी असतात. डोके व चोच थोराड, छातीवर सलग तपकिरी पट्टा, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, पंख व शेपटीवर रुंद पांढरे पट्टे आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले जाड पाय, ही लक्षणे एकत्र दिसली तरच नोंद पक्की मानावी. बसल्या जागी शेपटी झटकण्याची त्याची सवयही उपयोगी पडते. सरडे, लहान उंदीर, टोळ आणि छोटे पक्षी हे त्याचे भक्ष्य आहे.

हा पक्षी आजही संकटग्रस्त गणला जातो. २०१८ साली त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून एक पायरी खाली आणण्यात आला. वृक्षतोड, वणवे आणि शेतीसाठी होणारे अतिक्रमण यांमुळे ढोल्या असलेली जुनी झाडे कमी होत आहेत. घुबडाविषयीच्या अंधश्रद्धांचाही त्याला त्रास होतो. निरीक्षकांवरही मोठी जबाबदारी येते. ध्वनिमुद्रित साद वाजवली की आपल्या हद्दीत दुसरा पक्षी शिरल्याचे समजून तो पुढे येतो आणि शिकारीचा वा घरट्याजवळचा वेळ त्यात वाया जातो. म्हणून ऐन विणीच्या काळात असे करणे सर्वस्वी अयोग्य आहे. ढोलीपासून दूर उभे राहून दुर्बिणीने पाहावे आणि घरट्याची नेमकी जागा जाहीर करू नये.