स्ट्रॉबेरीतला ‘बे’ कुठे जातो?

पाचगणीच्या पठाराला आपण सातारकर टेबललँड म्हणतो, आणि म्हणताना टेबल नि लँड दोघांनाही सारखाच मान देतो. इंग्रज तसं करत नाही. त्याच्या उच्चाराचा सगळा भार ‘टे’वर, ‘लँड’ मागून फरफटत येतं.

त्याच्या तोंडी इथे सिलॅबल, म्हणजे शब्दाचे उच्चारातले तुकडे, तीन: टे, बल, लँड. सिलॅबल कानाने मोजायचे. ‘स्ट्रॉ’मध्ये स, ट, र अशी गर्दी असली तरी स्वर एक, म्हणून सिलॅबलही एकच. ‘बल’मध्ये तर इंग्रज बहुधा स्वर उच्चारतच नाही, ‘ल’च ते काम करतो.

जोडशब्द फोडताना आधी सांधा शोधावा. ‘हॉटहाऊस’च्या स्पेलिंगात टी आणि एच शेजारी दिसले, म्हणून त्यांचा ‘थ’ करायचा नाही.

खरी गंमत आघाताची, म्हणजे या भाराची. ‘ग्रीनहाऊस’मध्ये ग्रीनवर भार दिला की हरितगृह, हाऊसवर दिला की हिरवा रंग फासलेलं कुठलंही घर. ‘इंग्लिश टीचर’मध्ये पहिल्या शब्दावर भार असेल तर इंग्रजी शिकवणारे, दुसऱ्यावर असेल तर इंग्लंडहून आलेले. (वाईच्या शाळेत बहुधा पहिलेच भेटतील.) मराठीत असा भार हलवून अर्थ पालटत नाही, आपण शब्दाचं रूपच बदलतो. गुळाची पोळी ‘ची’ टाकून गूळपोळी होते. म्हणून इंग्रजीतली ही खूण आपल्या कानांना चटकन जाणवत नाही.

नियम मात्र लहरी. ऑक्सफर्ड स्ट्रीटमध्ये भार ऑक्सफर्डवर, ऑक्सफर्ड रोडमध्ये रोडवर. ॲपल केकमध्ये ॲपलवर, ॲपल पायमध्ये पायवर. इथे तर्क लढवण्यापेक्षा ऐकून पाठ करावं.

आणि भार म्हणजे ओरडणं नव्हे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या डेनिस फ्राय यांनी 1955 मध्ये शब्दांतल्या स्वरांची लांबी आणि आवाजाचा जोर कृत्रिमरीत्या कमीजास्त करून लोकांना ऐकवलं. आघात ओळखताना श्रोत्यांवर जोरापेक्षा लांबीचाच प्रभाव जास्त पडला. 1958 मध्ये त्यांनी सुराचा चढउतारही तपासला. तोही प्रभावी ठरला. ‘जोर द्या’ असं वर्गात सांगितलं की मुलं नुसतीच मोठ्याने बोलतात, ते यामुळेच वाया जातं. स्वर लांबवा, सूर हलवा, असं सांगायला हवं.

भार नसलेल्या सिलॅबलचा स्वर तर पार विरतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी इंग्रजाच्या तोंडात ‘स्ट्रॉबरी’ होते, घाईत तर ‘स्ट्रॉब्री’. अमेरिकन मात्र ‘बे’ शाबूत ठेवतो, म्हणजे तेवढ्यापुरता तो आपल्या पार्टीतला.